अध्यक्षांच्या परवानगीने



अंक उशिरा निघतोय. कागदाचे पैसे नव्हते हे नेहमीचं कारण आहेच. पण या वेळी माझाही हात अडला होता. अत्याचारांच्या बातम्यांची कात्रणं गठ्ठ्याने पडलीयत, त्यांच्यावर लिहायला हवं, आणि मी लिहिणार आहे मीटिंगवर. मीटिंगमधल्या इंग्रजी शब्दांवर. अजेंडा, मिनिट्स, कोरम, एनी अदर बिझनेस. हसू नका. आमच्या टोळीतल्या एका माणसाची दोन बोटं वायरच्या स्लिंगने घेतली. ती एकदा गेली. मग मीटिंगने ती दुसऱ्यांदा घेतली, आणि त्या कागदाला माझी सही जोडलेली आहे.

डॉकात इंग्रजी शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. हॅच, विंच, डेरिक, हुक, शेड, टॅली, स्टिव्हेडोर, सातवी नापास माणूससुद्धा झोपेत बोलतो. शिवाय खलाशांकडून आलेले आमचे शब्द वेगळेच. वर घे म्हणजे 'हाबेस'. खाली सोड म्हणजे 'आर्या'. हा आर्या पोर्तुगीजांचा. शाळेत मोरोपंतांच्या आर्या घोकल्या तेव्हा गुरुजींनी मात्रा मोजायला शिकवलं. डॉकात कळलं की आर्या म्हणजे डोक्यावरचं ओझं खाली येतंय, बाजूला हो. कविता कशी लिहावी हे मला दुसऱ्या आर्येनं जास्त शिकवलं. असो. सांगायचं हे की हे शब्द कुणी क्लास लावून शिकवले नाहीत. शिकला नाही तो मेला, म्हणून आठ दिवसांत शिकलो. मीटिंगचे शब्द मात्र मॅट्रिक होऊनही शिकलो नव्हतो. तिथं माणूस लगेच मरत नाही ना.

मी ठेकेदाराच्या टोळीत आहे. ठेकेदाराचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, एक गेला की त्याचा मेव्हणा येतो. मागच्या पावसाळ्यात पोलादाच्या कॉइली उतरवत होतो. स्लिंगच्या वायरीचे तार तुटून काट्यासारखे उभे राहिले होते, आम्ही तीन आठवडे ते मुकादमाला दाखवत होतो. 'येईल नवीन, येईल नवीन.' नवीन आलं नाही. त्या दिवशी वायर सरकली, कॉइल हलली आणि मामांचा डावा हात मध्ये सापडला. मामा म्हणजे कुणा एकाचे मामा नव्हेत, सगळ्या टोळीचे मामा. पन्नाशी उलटलेली. बोटं गेली तेव्हा ओरडले नाहीत, 'आर्या, आर्या' एवढंच म्हणत राहिले.

महिन्याभराने सेफ्टीची मीटिंग लागली. कामगारांच्या बाजूने कुणीतरी बसवायला पाहिजे म्हणून मला बसवलं. मॅट्रिक आहे, वाचता येतं. थंडगार खोली, सीलबंद पाण्याच्या बाटल्या, बशीत बिस्किटं. पुढ्यात इंग्रजी कागद, त्यावर चार विषय. एक, कन्फर्मेशन ऑफ मिनिट्स. दोन, मालाच्या उठावाचा आढावा. तीन, हेल्मेट आणि बूट. चार, एनी अदर बिझनेस विथ द परमिशन ऑफ द चेअर. मामांची बोटं कुठे लिहिलीयत म्हणून मी कागद उलटून पाहिला. पाठ कोरी होती.

साहेब म्हणाले, 'लेट अस टेक द मिनिट्स.' मी घड्याळाकडे बघितलं. खरंच बघितलं, लपवत नाही. मला वाटलं, किती मिनिटं देणार ते सांगतायत. बाकीच्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. मागच्या मीटिंगला मी नव्हतो, तिथं काय झालं मला ठाऊक नाही, तरी ते बरोबर लिहिलंय अशी ग्वाही मी मानेनं देऊन टाकली.

मग दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा उत्तर आलं, हा विषय अजेंड्यावर नाही. दुसऱ्यांदा आलं, एनी अदरमध्ये घेऊ. एनी अदर यायला दीड तास गेला. तोवर बिस्किटं संपली होती आणि साहेबांची पुढची मीटिंग आली होती. 'धिस वुई विल टेक ऑफलाइन.' ऑफलाइन म्हणजे काय हे मी जिन्यात एका क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, म्हणजे नाही. भला माणूस. निघताना एका पोराने रजिस्टर पुढे केलं, हजेरी आहे म्हणाला. मी सही ठोकली. मराठीत, झोकदार, खाली दोन टिंबं देऊन. कवीची सही.

तीन आठवड्यांनी मामा भरपाईचं विचारायला गेले तेव्हा त्यांच्यापुढे मिनिट्स ठेवले. इंग्रजीत लिहिलं होतं, साधनांच्या स्थितीवर सविस्तर चर्चा झाली आणि कामगारांच्या प्रतिनिधींनी समाधान व्यक्त केलं. खाली जोडलेलं हजेरीचं पान. माझी दोन टिंबं. म्हणजे स्लिंग चांगलं होतं, म्हणजे चूक मामांच्या हाताची. मामा मला शिव्या देतील म्हणून मी दोन दिवस त्यांना टाळलं. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर गाठलंच त्यांनी.

'बाळा, तू तिथं काय बोललास?'

'मामा, मी बोललो होतो. दोनदा बोललो.'

'मग कागदावर का नाय?'

या 'का नाय'वर हे सगळं संपादकीय आहे.

त्यानंतर मी वाचनालयात बसून हे शब्द उकरले. कुणी इंग्रजीची हौस म्हणेल तर म्हणू दे. अजेंडा हा लॅटिन शब्द, अर्थ 'करावयाच्या गोष्टी'. जो तो लिहितो तो काय करायचं ते ठरवतो, आणि काय करायचंच नाही तेही ठरवतो, न लिहून. मिनिट्सचा घड्याळाशी काही संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बारीक. बारीक अक्षरात केलेला कच्चा मसुदा. बारीक अक्षर आपल्या ओळखीचं आहे, सावकाराच्या वहीत तेच असायचं. कोरम म्हणजे लॅटिनमध्ये 'ज्यांच्यापैकी'. इंग्लंडच्या राजाच्या हुकूमनाम्यात काही न्यायाधीशांची नावं खास लिहिलेली असत, त्यांच्यापैकी एक तरी हजर असल्याशिवाय बैठक बसायची नाही. म्हणजे ज्याच्यावाचून पंगत अडते तो कोरमातला. आपण हजारो वर्षं पंगतीच्या बाहेर, आपल्यावाचून काही अडलं नाही. आणि 'टेबल करणे' याची तर गंमत आहे. इंग्रज म्हणतो टेबल करा तेव्हा अर्थ होतो विषय चर्चेला घ्या. अमेरिकन तेच म्हणतो तेव्हा अर्थ होतो विषय बाजूला ठेवा. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे लष्करी साहेब या एका शब्दावरून बराच वेळ भांडले, मग कळलं की दोघांना एकच हवं होतं. हे चर्चिलने लिहून ठेवलंय. आपल्याकडे टेबलाचा तिसरा अर्थ आहे, तो टेबलाखाली असतो.

कुणी म्हणेल, इंग्रजी सोडा, मराठीत मीटिंग घ्या. घ्या की. १९६० साली राज्य झालं, त्याच साली भाषा संचालनालय निघालं, आणि कारभाराचे मराठी शब्द तयार झाले. मिनिट्सचं झालं इतिवृत्त. कोरमचं गणपूर्ती. सेकंडरचा अनुमोदक. आमच्या चाळीत अनुमोदक म्हटलं तर लोक विचारतील हे कुठलं औषध. इंग्रज गेला आणि त्या खुर्चीत पंडित बसला, आम्ही तिथंच उभे. त्यातल्या त्यात ठराव हा शब्द आपला, ठरवलं तो ठराव. तहकूबही आपला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून झिजवून आपला झालेला. बाकी अजेंडा आणि विषयपत्रिका यांत मला तरी अजेंडाच सोपा वाटतो. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकायला सांगितलं, ते साहेबाची हुजरेगिरी करायला नव्हे.

पण खरी मेख आहे ती शेवटच्या विषयात. एनी अदर बिझनेस. याचं मराठी तुम्ही कुठल्याही नोटिशीवर वाचू शकता. हौसिंग सोसायटी असो, पतपेढी असो, ग्रामपंचायत असो: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ऐनवेळी! गावात स्मशानभूमीला वाट नाही, हा ऐनवेळचा विषय. वस्तीचा नळ बंद आहे, ऐनवेळचा विषय. मामांची बोटं, ऐनवेळची. पिढ्यान्‌पिढ्यांचं दुखणं यांच्या कागदावर ऐनवेळी येतं, आणि तेही परवानगीने.

गावाकडच्या सभांना हा खेळ चांगला ठाऊक आहे. ग्रामसभेला आपल्या राज्यात पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल तेवढ्यांची गणपूर्ती लागते. ती नाही झाली तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दुसऱ्या वेळी चार जण बसतात, गाव मंजूर करून उठतात. माझा चुलता सांगतो, पहिल्या सभेला वस्तीतली माणसं गेली होती, मजुरी बुडवून. दुसऱ्या सभेची त्यांना खबर नव्हती. खबर द्यायचं काम एके काळी कुणाचं होतं, आठवा. दवंडी पिटायची महाराने. गाव चावडीवर गोळा करायचा महाराने. आणि गाव गोळा झालं की लांब उभं राहायचं महाराने. सभेची नोटीस आपल्या घशातून निघायची, सभा त्यांची व्हायची.

म्हणून महाडकडे मी अलीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. आपण २० मार्चला महाडचं पाणी आठवतो, कागद विसरतो. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला की सार्वजनिक पैशांतल्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव पास झाला. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. झाला ना ठराव? तीन वर्षं एक ओंजळ पाणी कुणी घेतलं नाही. घेऊ दिलंच नसतं. मिनिट्सबुकात तळं खुलं होतं आणि तळ्यावर बंद. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चालत गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा ओला झाला. मग डोकी फुटली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोल्यांच्या ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी, नगरपालिकेने मीटिंग भरवून आपला ठराव मागे घेतला. लाठीने जे जमलं नाही ते त्यांनी ठरावाने करून बघितलं. कोर्टातलं भांडण १७ मार्च १९३७ पर्यंत चाललं, हायकोर्टात आपण जिंकलो तोवर दहा वर्षं गेली होती.

आणि २५ डिसेंबर १९२७. मनुस्मृती जाळली ती कुणी दारू पिऊन रागाच्या भरात पेटवली नाही. परिषदेत तसा ठराव आला. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, जन्माने ब्राह्मण, पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलं. सूचक आणि अनुमोदक लावून जाळली, भाऊ! हा सनातन्यांचा खरा जळफळाट. त्यांचा ग्रंथ नियमाप्रमाणे जळला.

बाबासाहेबांना ही सगळी आयुधं चालवता येत होती हे आपण फोटोला हार घालताना विसरतो. १९४२ च्या जुलैत ते व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि ७ ऑगस्टला दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली बसली. कामगाराचा माणूस मालकाच्या समोरच्या खुर्चीत, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत महाराचं पोर. मग घटना समिती. १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी ध्येयाचा ठराव मांडला. जयकरांनी उपसूचना दिली, ठराव सध्या पुढे ढकला. १७ तारखेला अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी एकदम बाबासाहेबांचं नाव पुकारलं. त्यांच्या आधी वीस-बावीस जणांचा नंबर होता, आज आपली पाळी येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं, हे त्यांनी उठताच बोलून दाखवलं. तयारी नसताना उठले आणि भर काँग्रेसच्या सभागृहात जयकरांची बाजू घेऊन बोलले. तो ठराव २२ जानेवारी १९४७ ला पास झाला, म्हणजे पुढे ढकलला गेलाच. त्यांनाही ऐनवेळी उठवलं होतं. पण त्यांना मोशन म्हणजे काय, अमेंडमेंट म्हणजे काय हे विचारायला जिन्यात क्लार्क गाठावा लागला नाही.

आता आपल्या घरात बघू. हे लिहिताना काही दोस्त दुखावतील, दुखावू द्या. आपल्या चळवळीचं मिनिट्सबुक मी परवा उघडलं. तीन वर्षांत चार नोंदी. त्यातले दोन शोकप्रस्ताव. बाकीच्या दोन्हीखाली 'सर्वानुमते मंजूर'. कुठले सर्व? मी त्या रात्री होतो, मला कुणी विचारलं नव्हतं. जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो तो अध्यक्ष, जो शेवटपर्यंत थांबतो तो बहुमत, आणि सेक्रेटरीच्या डोक्यात जे राहतं ते इतिवृत्त. पुढे दोघांचं फाटलं की दोघांच्या दोन डोक्यांत दोन इतिवृत्तं. आपल्यातल्या किती फुटी विचारांच्या आणि किती न लिहिलेल्या मिनिटांच्या, याचा हिशेब एकदा कुणीतरी करायला पाहिजे.

मागच्या बैठकीत अभ्यासमंडळातल्या एका ताईने विषय दिला होता. आपल्याच कार्यकर्त्याने घरात बायकोवर हात उचलला, त्याचं काय करायचं. आपण काय केलं? ऐनवेळी घेऊ म्हटलं. साडेदहापर्यंत आपण जागतिक भांडवलशाहीवर बोललो, त्यात मी सगळ्यात जास्त बोललो. ताई आणि तिच्या दोघी मैत्रिणी लोकल गाठायला निघून गेल्या. मग कुणी म्हणालं, मांडणारीच नाही तर विषय कसा घेणार. साहेबाने ऑफलाइन म्हणायला निदान इंग्रजी वापरलं. आपण तेच आंबेडकरी मराठीत केलं. ताई, मी तुमची माफी मागतो आणि ही माफी छापून मागतो, म्हणजे पुन्हा कुणाला नाही म्हणता येणार नाही.

म्हणून या शब्दांची ओळख करून घ्या. दादरला आणि ठाण्याला इंग्रजी संभाषणाचे क्लास आहेत, तिथं मीटिंगमध्ये कसं हसावं तेही शिकवतात. ते नको. आपल्याला एवढं पुरे आहे: मीटिंगच्या आधी विषय लेखी द्या आणि दिल्याची पोच घ्या. तोंडी दिलेला विषय म्हणजे हॅचमधली हाक, विंच सुरू झालं की कुणाला ऐकू येत नाही. कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका. केलीच तर सहीपुढे 'फक्त हजेरी' लिहा. पटलं नाही तर गप्प बसून घरी येऊन कविता लिहू नका, हे मी मलाच सांगतोय. तिथल्या तिथं म्हणा, माझा विरोध नोंदवा. इंग्रजीत म्हणायचं तर 'रेकॉर्ड माय डिसेंट'. तीन शब्द आहेत. आपण 'टॅली क्लार्क' म्हणायला शिकलो, हेही येईल.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मिनिट्स लिहिले म्हणून पक्के होत नाहीत. पुढच्या मीटिंगला ते वाचून कायम करायचे असतात, तोवर ते कच्चेच. अजेंड्यावरचा तो पहिला विषय, ज्याच्या वेळी मी घड्याळ बघत होतो, तोच आपला विषय आहे. तिथं उभं राहून सांगता येतं की हे असं झालं नव्हतं, दुरुस्त करा.

सेफ्टीची पुढची मीटिंग येत्या महिन्यात आहे. नोटीस आलीय, पहिला विषय तोच. मी लेखी हरकत देऊन पोच घेतलीय, शिक्का जरा पुसट आहे पण तारीख दिसते. त्या खोलीत मला पुन्हा बसवतील की दुसऱ्या कुणाला, माहीत नाही. बसवलं नाही तर टोळीतले सगळे दाराबाहेर उभे राहू असं ठरलंय. ठरलंय म्हणजे ठराव केलाय, वहीत लिहिलाय. सूचक मी आहे. अनुमोदक मामा, त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवलाय.

बोलायचं वाक्य मी इंग्रजीत पाठ केलंय. 'मिस्टर चेअरमन, आय ऑब्जेक्ट टु द कन्फर्मेशन ऑफ द मिनिट्स.' गेले आठ दिवस हॅचमध्ये उतरताना म्हणतोय. परवा वरून सिग्नलवाल्याने 'हाबेस' म्हटलं आणि खालून चार जणांनी उत्तर दिलं, मिस्टर चेअरमन, आय ऑब्जेक्ट.

आपली स्वतःची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला आहे, रात्री नाही. विषय क्रमांक एक ताईंचा.